धारवाडी सुभाजा पट्टे आणि त्यांच्या पायाचे खडक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याहून बंगळूरला गाडीने जाताना बेळगावपर्यंतचे डोंगर ओळखीचे असतात. माथा सपाट, अंगावर पायऱ्यापायऱ्या, खडक काळा. बेळगाव मागे पडलं की ही ओळख सुटते. धारवाडच्या आसपास रस्त्याच्या कापात थर आडवे दिसत नाहीत, उभे किंवा तिरपे दिसतात. पुढे चित्रदुर्गाजवळ गोट्यांच्या राशीसारखे ग्रॅनाइटचे डोंगर लागतात. गेली बरीच वर्षं मी विद्यार्थ्यांना आणि हौशी मंडळींना घेऊन या वाटेने जाते आहे. दर वेळी तेच प्रश्न येतात आणि ते येतात तेव्हा मला फार बरं वाटतं, कारण भारताच्या जमिनीच्या फार जुन्या इतिहासाचा मोठा भाग त्या उभ्या थरांत आणि त्यांच्या पायाच्या खडकांत आहे. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

सुभाजा म्हणजे कोणता खडक?

इंग्रजीत ज्याला शिस्ट म्हणतात तो. सहज भाजला, म्हणजे विभागला जातो म्हणून सुभाजा. माझ्या टेबलावर चित्रदुर्गाकडचा एक तुकडा आहे. रंग शेवाळी हिरवा, आकार तळहाताएवढा. बोट फिरवलं की साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत लागतं आणि कडेला नख घातलं तर पापुद्रा सुटतो. भिंगाखाली क्लोराइट या खनिजाच्या बारीक हिरव्या चकत्या दिसतात, आणि सगळ्या एकाच बाजूला निजलेल्या. त्यांच्या मधून एखादी पांढरी गारेची (क्वॉर्ट्झची) रेघ जाते.

या चकत्या मूळच्या नव्हेत. खडक जमिनीत खोल गेला, तापला, एका दिशेने दाबला गेला. जुनी खनिजं मोडून नवी वाढली, ती दाबाला आडवी पसरत वाढली. मुळात तो लाव्हारस असेल, चिखल असेल किंवा ज्वालामुखीची राख असेल. माझ्या तुकड्यात लोह आणि मॅग्नेशियम भरपूर आहे, तेव्हा तो बहुधा समुद्रतळावरचा बेसाल्ट असावा. या हिरव्या रंगामुळेच अशा पट्ट्यांना जगभर ग्रीनस्टोन पट्टे म्हणतात.

मग "पट्टा" का म्हणायचं?

नकाशा पाहिला की कळतं. कर्नाटकाच्या भूशास्त्रीय नकाशावर ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म (पायाचा रेघारेघांचा खडक, त्याविषयी पुढच्या उत्तरात) यांच्या गुलाबी अंगावर हिरव्या चिंध्या लांबवर पसरल्यासारख्या दिसतात, साधारण उत्तर-वायव्येकडून दक्षिण-आग्नेयेकडे. चित्रदुर्गाचा पट्टा गदगपासून श्रीरंगपट्टणाकडे ४०० किलोमीटरहून अधिक लांब आहे. रुंदी मात्र काही ठिकाणी इतकी कमी की अर्ध्या दिवसात चालून ओलांडता येतो. शिमोगा, बाबाबुदन, संडूर, हट्टी, कोलार हे इतर मोठे पट्टे.

पायाचा खडक नेमका कोणता?

पट्टिताश्म, म्हणजे नाइस. दिसायला ग्रॅनाइटच्या जवळचा, पण अंगावर काळ्या-पांढऱ्या रेघा. पांढऱ्या रेघेत क्वॉर्ट्झ आणि फेल्स्पार, काळ्या रेघेत अभ्रक आणि हॉर्नब्लेंड. दक्षिण भारतातल्या या खडकाला १९१६ मध्ये डब्ल्यू. एफ. स्मीथ यांनी 'पेनिन्सुलर नाइस' हे नाव दिलं. मराठीत द्वीपकल्पीय पट्टिताश्म म्हणू. बंगळूरच्या लालबागेत फुलझाडांच्या मधोमध जो उघडा कातळ आहे तो हाच, आणि तो राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारक म्हणून जाहीर झालेला आहे. लोक त्यावर बसून शेंगा खातात. खालच्या दगडाचं वय सुमारे ३०० कोटी वर्षं आहे हे सांगितलं की काही जण चटकन उठून उभे राहतात.

याचा बराचसा भाग सोडियम जास्त आणि पोटॅशियम कमी अशा घडणीचा आहे. पाणी मुरलेला बेसाल्ट खूप खोल जाऊन अर्धवट वितळला की असा शिलारस तयार होतो. म्हणजे आधी बेसाल्टचं कवच, मग त्याच्या वितळण्यातून हलकं, तरंगणारं खंडाचं कवच. हे कवच बुडत नाही म्हणून टिकलं, आणि टिकलं म्हणून आपण त्यावर उभे आहोत.

आधी कोण, सुभाजा की पट्टिताश्म?

या प्रश्नावर भूशास्त्रज्ञांच्या पिढ्या भांडल्या आहेत. आजचं उत्तर असं की दोन्ही, कारण सुभाजा एका पिढीचे नाहीत.

१८८० च्या दशकात रॉबर्ट ब्रूस फूट यांनी या खडकांना धारवाड शहरावरून 'धारवाड' हे नाव दिलं. (१८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला अश्मयुगीन हत्यार शोधणारे फूट हेच.) त्यांच्या मते पट्टिताश्माच्या झिजलेल्या पृष्ठभागावर धारवाडी थर साचले. नंतर म्हैसूर संस्थानच्या भूशास्त्र विभागात स्मीथ यांनी हे उलटं केलं. धारवाडी खडकच सर्वांत जुने, त्यांतले बहुतेक अग्निज (शिलारस थिजून झालेले), आणि पट्टिताश्म मागाहून त्यांत घुसला, असं त्यांचं म्हणणं. थरांत गोटे दिसतात त्याचं काय? तर ते नदीचे गोटे नव्हेत, खडक चिरडून झालेले तुकडे आहेत, असं ते सांगत.

वाद सुटला तो पुन्हा त्या गोट्यांपाशीच. बाबाबुदन पट्ट्याच्या तळाशी गारगोटीच्या गोट्यांचा थर आहे. त्यावरच्या क्वार्ट्झाइटमध्ये, म्हणजे वाळूच्या खडकापासून झालेल्या घट्ट दगडात, वाहत्या पाण्याच्या तरंगखुणा स्पष्ट आहेत. कलदुर्गच्या पिंडाश्मात (गोटे एकत्र सांधून झालेल्या खडकात) तर खुद्द ग्रॅनाइट आणि पट्टिताश्माचे गोल गोटे सापडतात. पट्टिताश्म आधीच अस्तित्वात असल्याखेरीज नदी त्याचे गोटे कुठून आणणार? म्हणजे धारवाड महासंघाचे (या धारवाडी खडकांच्या सगळ्या गटांना मिळून दिलेलं नाव) थर पट्टिताश्मावर साचले, इतकं नक्की.

पण स्मीथही सगळे चुकले नव्हते. पट्टिताश्माच्या पोटात जुन्या सुभाजांचे तुकडे अडकलेले सापडतात, काही खोलीएवढे, काही टेकडीएवढे. यांना सरगूर गट म्हणतात. वय साधारण ३३० ते ३१० कोटी वर्षं. यांच्या काही भागांत पट्टिताश्म खरोखरच शिलारस म्हणून घुसला आहे. तेव्हा क्रम असा लागतो: ३४० कोटी वर्षांच्या आसपास आणि पुढे पट्टिताश्म टप्प्याटप्प्याने तयार होत गेला, त्याच काळात सरगूरचे खडक झाले आणि त्यांत गुरफटले, मग हे सगळं झिजून सपाट झालं, आणि त्यावर २९० ते २५० कोटी वर्षांदरम्यान धारवाड महासंघ साचला. एकच शब्द 'सुभाजा' दोन पिढ्यांना लावल्यामुळे इतकी वर्षं गोंधळ झाला.

कोटींमधली वयं मोजतात कशी?

झिरकॉन या खनिजावरून. वाळूच्या कणाएवढा, कधी त्याहूनही लहान स्फटिक. शिलारस थिजताना झिरकॉन युरेनियमला आत घेतो आणि शिशाला जवळजवळ घेत नाही. मग आतलं युरेनियम ठरलेल्या वेगाने शिसं होत जातं. युरेनियम-२३८ निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात, युरेनियम-२३५ निम्मं व्हायला सुमारे ७० कोटी. एकाच स्फटिकात दोन घड्याळं. दोन्ही एकच वेळ दाखवत असतील तर वयावर विश्वास ठेवायचा. झिरकॉन झिजत नाही, सहज वितळत नाही, म्हणून मूळ डोंगर नाहीसा झाला तरी त्याचे झिरकॉन पुढच्या वाळूत उरतात.

आमच्या महाराष्ट्रात हे खडक आहेत का?

आहेत, बहुतेक ठिकाणी तुमच्या पायाखाली. सह्याद्रीचा काळा कातळ साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. खालचा पाया त्याहून तीस-चाळीस पटींनी जुना, काही भागांत त्याहूनही अधिक. लाव्हारसाने तो झाकला इतकंच.

झाकण किती जाड आहे हे विंधन घेऊनच कळतं. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल विंधन घेतलं. ३३८ मीटर बेसाल्ट, मग लाव्हारसाच्या आधी साचलेल्या गाळाचा काही मीटरांचा थर, आणि त्याखाली पायाचा खडक. कोयनेजवळ गोठण्याला २०१७ मध्ये ३ किलोमीटर खोलीचं विंधन पुरं झालं. तिथे १,२४७ मीटरवर बेसाल्ट संपला आणि ग्रॅनाइटी पट्टिताश्म लागला, मध्ये गाळ नाहीच. कऱ्हाडच्या विंधन-संशोधन केंद्रात कोयना परिसरातल्या विंधनांचे दंडगोल नमुने जपून ठेवलेले आहेत. त्या एका सीमेत, हाताच्या रुंदीत, कोट्यवधी वर्षांची खाडाखोड आहे, आणि मला तरी तो महाराष्ट्रातला सर्वांत विलक्षण दगड वाटतो.

उघड्यावर पाहायचे असतील तर राज्याच्या कडा धरा. नांदेड जिल्ह्यात देगलूर, बिलोलीकडे ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म उघडे आहेत. सिंधुदुर्गात रेडीचं लोहखनिज आणि कणकवलीकडचं क्रोमाइट जुन्या खडकांतलंच. पूर्व विदर्भात तर सगळा खजिनाच आहे. गडचिरोलीतलं सुरजागडचं लोहखनिज बस्तरच्या ढालक्षेत्रातलं (खंडाच्या अतिप्राचीन, स्थिर तुकड्यातलं), भंडाऱ्यात साकोलीचा सुभाजा पट्टा. भंडारा-नागपूरकडचं मँगनीज देणारे सौसर गटाचे खडक मात्र याहून बरेच तरुण आहेत, धारवाडाशी त्यांची गल्लत करू नका.

गोव्याचं काय?

गोव्याचा बहुतेक भाग या कथेचाच आहे. शिमोग्याचा पट्टा वायव्येला जातो तो गोव्यात शिरतो. तिथल्या थरांना गोवा गट म्हणतात: बार्से, सावर्डे, डिचोली आणि वागेरी या चार शैलसमूहांचा. लोहखनिजाच्या खाणी डिचोली शैलसमूहातल्या पट्टेदार लोहखडकावर आहेत. पावसाने आणि उन्हाने त्यातली सिलिका धुऊन नेली, लोह साचत गेलं, वर जांभा झाला. पाया पाहायचा तर अनमोड घाटात. तिथला पट्टिताश्म गोव्याच्या सर्वांत जुन्या खडकांपैकी आहे.

हे पट्टे तयार झाले कसे?

आधी तळाशी नदीची वाळू आणि गोटे, मग उथळ समुद्र, त्यावर लाव्हारसाचे जाड थर, मग चुनखडी, लोह आणि मँगनीजचे थर, शेवटी खोल पाण्यातला गाळ आणि पुन्हा ज्वालामुखी. इथपर्यंत फारसा वाद नाही. वाद आहे तो या आडव्या थरांचे उभे, चिमटलेले पट्टे कसे झाले याबद्दल.

एक मत असं की आजच्यासारख्याच भूपट्टांच्या हालचाली तेव्हाही होत्या. समुद्रतळ खंडाखाली सरकला, ज्वालामुखी बेटांच्या माळा आल्या आणि खंडाला चिकटल्या, मधला गाळ चेपला गेला. चित्रदुर्ग पट्ट्याच्या पूर्व कडेला मोठा कर्तनपट्टा आहे, म्हणजे खडक एकमेकांना घासत सरकले तो पट्टा. त्याच्या पश्चिमेचं कवच जुनं, पूर्वेचं बरंच नवं. कोलार, हट्टी हे पूर्वेचे पट्टे साधारण २७० ते २५० कोटी वर्षांचे. दोन वेगळे तुकडे शिवल्यासारखी ही जागा आहे.

दुसरं मत उभ्या हालचालीचं. तेव्हा पृथ्वीचं पोट आजच्याहून जास्त गरम होतं. खाली मऊ, हलका पट्टिताश्म आणि वर जड बेसाल्टचे थर, म्हणजे डोईजड रचना. जड थर खाली खचू लागले, हलका ग्रॅनाइट घुमटासारखा वर आला, आणि घुमटांमधल्या खाचांत सुभाजा चिमटले. हासन जिल्ह्यात होळेनरसीपूरकडे घुमट आणि मधल्या खाचा अशी रचना नकाशावर दिसते.

माझं मत विचाराल तर पश्चिमेकडे, जुन्या काळात, खचणं आणि वर येणं हेच मुख्य असावं, आणि २७० कोटींनंतर पूर्वेला आडवी ढकलाढकली वाढली. पृथ्वी थंड होत गेली तशी तिची चाल बदलली, आणि हा बदल एकाच राज्यात शेजारी शेजारी पाहायला मिळतो. म्हणून जगभरचे लोक इथे येतात.

शेवट मोठा झाला. सुमारे २५२ कोटी वर्षांपूर्वी क्लोजपेट ग्रॅनाइट घुसला, उत्तर-दक्षिण शेकडो किलोमीटर लांब. (क्लोजपेट हे रामनगराचं जुनं नाव, म्हैसूरच्या दरबारातले इंग्रज रेसिडेंट बॅरी क्लोज यांच्यावरून.) त्यानंतर हे कवच जवळजवळ स्थिर झालं.

तेव्हा हवेत प्राणवायू नव्हता असं म्हणतात. दगडावरून कसं कळतं?

बाबाबुदनच्या तळाच्या त्या गोट्यांच्या थरात पायराइटचे कण आहेत आणि युरेनिनाइट या युरेनियमच्या खनिजाचे कण आहेत. हे कण नदीने वाहून आणलेले, घासून गोल झालेले. आता एक साधी गोष्ट करून पाहा. लोखंडी खिळा पावसाळ्यात अंगणात टाका, आठ दिवसांत गंजतो. पायराइट म्हणजे लोह आणि गंधक. आजच्या नदीत तो फार काळ टिकत नाही, गंजून जातो. युरेनिनाइट तर विरघळूनच जातं. हे दोन्ही कण नदीच्या प्रवाहात घासले गेले, तरी शाबूत राहिले, याचा अर्थ त्या हवेत प्राणवायू नसल्यातच जमा होता.

त्याच बाबाबुदनच्या माथ्यावर, मुळ्ळयनगिरीच्या शिखरापाशी, पट्टेदार लोहखडक आहे. गंजाचा तपकिरी थर, त्यावर गारेचा करडा थर, असं बोटभर जाडीत दहा-बारा वेळा. तेव्हाच्या समुद्रात लोह मिठासारखं विरघळलेलं होतं, कारण गंजवायला प्राणवायू नव्हता. ते जिथे कुठे गंजलं तिथे तळाशी बसत गेलं. यात सूक्ष्मजीवांचा हात होता असं बहुतेक अभ्यासक मानतात. हवेत प्राणवायू टिकू लागला तो पुढे, सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी.

जीवाश्म सापडतात का?

शिंपले, हाडं नाहीत, असणारही नाहीत. वाणीविलास सागर, दोड्डगुणी आणि कुम्सी परिसरातल्या चुनखडीत स्ट्रोमॅटोलाइट आहेत. सूक्ष्मजीवांच्या चिकट थरांवर गाळ बसत बसत झालेल्या घुमटाकार पापुद्र्या. आडव्या कापात कांदा चिरल्यासारखं दिसतं.

सोनं याच खडकांत का?

कवच चिमटलं, भेगा पडल्या, खोलवरचं गरम पाणी त्या भेगांतून वर आलं. त्यात विरघळलेलं सोनं गारेच्या शिरांबरोबर बसलं. हे मुख्यतः २५० कोटी वर्षांच्या आगेमागे, म्हणजे ग्रॅनाइट घुसत होता त्याच सुमारास झालं. कोलारच्या खाणी ३ किलोमीटरहून खोल गेल्या आणि सव्वाशे वर्षांच्या आसपासच्या काळात ८०० टनांहून अधिक सोनं निघालं. २८ फेब्रुवारी २००१ रोजी त्या बंद झाल्या. रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण आजही चालू आहे, आणि तिथे आधुनिक खाणीच्या कितीतरी आधीची माणसांनी खणलेली जुनी विवरं सापडली आहेत.

बेलूर-हळेबीडची मूर्तिकला याच दगडात आहे का?

हो. क्लोराइटी सुभाजा, ज्याला साबणदगडही म्हणतात. काढला तेव्हा मऊ असतो, छिन्नीने दागिन्याचा एकेक मणी सोडवता येतो. आपल्या वेरूळला बेसाल्ट होता, म्हणून तिथले शिल्पी मोठ्या घडणीत विचार करत. होयसळांच्या कारागिरांना हा पट्टा हाताशी होता. त्यांची कला अर्थातच त्यांचीच, पण दगडाने ती होऊ दिली.

चित्रदुर्गाचा किल्लाही सुभाजाचा का?

नाही. किल्ला ग्रॅनाइटवर आहे, सुमारे २६० कोटी वर्षांचा. शेजारची पवनचक्क्यांची जोगीमट्टीची लांब रांग सुभाजा पट्ट्याची.

कोमाटिआइट हे नाव ऐकलं. ते काय?

आता पृथ्वीवर वाहत नाही असा लाव्हारस. दक्षिण आफ्रिकेतल्या कोमाटी नदीवरून १९६९ मध्ये नाव पडलं. आपला दख्खनचा लाव्हारस साधारण १,१०० ते १,२०० अंशांवर बाहेर पडला, कोमाटिआइट १,६०० अंशांच्या आसपास. तो अचानक थिजताना ऑलिव्हिन या खनिजाचे स्फटिक गवताच्या पात्यांसारखे लांब वाढले. सरगूर गटात, घट्टीहोसहळ्ळी आणि बाणसंद्र इथे ही पाती अजून ओळखता येतात.

दक्षिणेकडे जाताना खडक बदलतो का?

बदलतो, आणि छान बदलतो. उत्तरेला सुभाजा हिरवे, कमी तापलेले. म्हैसूरकडे जाल तसे जास्त भाजलेले. त्याहून दक्षिणेला चार्नोकाइट, तेलकट हिरवट-काळा. कवचाचा आख्खा ठोकळा तिरका उचलला गेला आणि वरचा भाग झिजला, त्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेकडे चालणं म्हणजे कवचात खोल उतरणं. चार्नोकाइटचं नाव पडलं ते कोलकात्याचे संस्थापक मानले जाणारे जॉब चार्नोक यांच्या कबरीवरच्या दगडामुळे, थॉमस हॉलंड यांनी ठेवलं.

इतका जुना, स्थिर पाया म्हणजे भूकंपाची भीती नाही ना?

असं समजू नका. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत हजारो माणसं गेली. दोन्हीकडे पाया जुनाच होता. जुन्या कवचात जुन्या भेगा असतात, त्यांवर ताण साठतो आणि कधी तरी सुटतो. कोयनेत धरणाच्या पाण्याने त्या भेगांतला दाब वाढवला. 'ढालक्षेत्र' या शब्दाने आपल्याला फार वर्षं गाफील ठेवलं. घर बांधताना भूकंपरोधक नियम पाळाच.

पट्टिताश्मात बोअर घ्यावी का?

भेगा नसलेल्या पट्टिताश्मात पाणी मुरत नाही. वरच्या कुजलेल्या, मुरमाड भागात आणि भेगांत मिळतं. दोन शेजाऱ्यांपैकी एकाला लागतं आणि दुसऱ्याला नाही, ते यामुळे. भेगांचा माग काढल्याशिवाय खोल जाऊन पैसा घालवू नका.

पाहायला कुठे जावं, आणि काय पाहावं?

एकच दिवस असेल तर अनमोड घाट, पावसाळा सोडून. घाटाच्या कापात थांबण्यापूर्वी वाहनांकडे लक्ष द्या. सुट्टी लांब असेल तर चित्रदुर्गाजवळ मरडीहळ्ळी. तिथे शेतांच्या कडेला उशांसारखे दगड रचलेले दिसतील, राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारक आहे. लाव्हारस पाण्याखाली ओतला गेला की त्याचा प्रत्येक गोळा बाहेरून चटकन थिजतो आणि आतून मऊ राहतो. नवा गोळा खालच्या दोन गोळ्यांवर बसतो, त्याची पाठ फुगीर होते आणि मधल्या फटीत एक शेपटी उतरते. हातोडी गाडीतच ठेवा, स्मारकाला घाव घालायचा नाही. गुडघे टेकून एक उशी निवडा, तिची शेपटी शोधा. शेपटी ज्या बाजूला आहे तिकडे तेव्हाचा समुद्रतळ होता. आता थर कलंडले आहेत, म्हणून ती बाजू तुम्हाला आडवी सापडेल.